पहिल्या सिलिंडरचा ठराव

गाडीच्या इंजिनावर सिलिंडरचे नंबर लिहिलेले नसतात. हे वाक्य तुम्ही शांतपणे वाचून पुढे निघाला असाल, तर तुमच्यावर अजून बॉनेट उघडायची वेळ आलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. मी उघडलं आणि अवाक झालो. समोर चार काळ्या टोप्या एका ओळीत बसलेल्या. चारही सारख्या, चारींच्या डोक्यात एकेक बोल्ट आणि चारींच्या मागे एकेक वायर. कुणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नाही. गाडीला नंबर असतो, किल्लीला असतो, काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो, सीटबेल्टच्या पट्ट्यावरसुद्धा एक चिठ्ठी शिवलेली असते. आमच्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या सिलिंडरवर तर इतके आकडे आहेत की त्यांची बेरीज करत बसलं तर कुकरची शिट्टी व्हावी. आणि ज्याचा नंबर कळल्यावाचून माझं घोडं पुढे जाणार नव्हतं, नेमका तोच कंपनीने लिहिला नव्हता.

नंबर का हवा होता ते सांगतो. गाडी गेले काही दिवस गचके खात होती. सिग्नलला उभी असली की उचकी लागल्यासारखी थरथरायची. माझ्या मेहुण्याकडे गाडीचा आजार सांगणारं एक यंत्र आहे. स्टीअरिंगच्या खाली खोचायचं, की त्याच्या छोट्या पडद्यावर गाडी आपलं दुखणं सांगते. ते मी मागून आणलं, खोचलं आणि पडद्यावर अक्षरं आली : ‘सिलिंडर क्रमांक एक. ज्वलन चुकते.’ मेहुणा फोनवर म्हणाला, "सोपं आहे भावोजी. सिलिंडरच्या डोक्यावरची, ठिणगी पाडणारी कॉइल गेली असणार. एक नवी आणा, जुनी काढा, नवी बसवा. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांची कामं मला फार आवडतात. मी आयुष्यात अशी पुष्कळ केली आहेत आणि त्यांतली काही अजून चालू आहेत.

गॅरेजवाल्याकडे जायला हरकत नव्हती. पण त्याच्याकडे सोमवारपर्यंत नंबर नव्हता, आणि शनिवारी सकाळी बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. ही तिची तिसरी खेप. पहिल्या खेपेला तिने वळताना हात दाखवला तो परीक्षकाच्या चष्म्याला लागला. दुसऱ्या खेपेला चढावर गाडी बंद पडून मागे सरकली, आणि मागे उभ्या असलेल्या उमेदवाराने घाबरून आपली गाडी सोडून पळ काढला. त्यात तिची चूक किती आणि त्याची किती यावर आमच्या घरात अजून चर्चा होते. पण या वेळी गंमत नव्हती. बायको चौथीच्या वर्गाला शिकवते. तिला बढती मिळाली होती, मुख्याध्यापिकेची. पण शाळा गावाबाहेर, जिथे बस जात नाही. ‘स्वतःच्या वाहनाने येऊ शकत असल्यास’ असं पत्रात स्पष्ट म्हटलं होतं. शनिवारी पास झाली तर सोमवारी होकार कळवायचा होता. नापास झाली तर ती खुर्ची दुसऱ्या बाईंना जाणार होती. त्या बाईंना गाडी येते. बाकी काही येत नाही असं बायकोचं म्हणणं होतं.

दुसरी गाडी वापरावी म्हणून मी परवाना कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी मला अतिशय गोड आवाजात हादरवलं. अर्जात गाडीचा नंबर लिहिलेला आहे. गाडी बदलायची तर अर्ज बदलावा लागेल, अर्ज बदलला तर तो नवा अर्ज होईल, आणि नव्या अर्जाला नवी तारीख, म्हणजे सहा महिन्यांनी.

"पण गाडी आजारी आहे हो," मी म्हणालो.

"गाडीच्या आजारपणाची तरतूद नाही आमच्याकडे. उमेदवाराच्या आजारपणाची आहे. उमेदवार आजारी आहेत का?"

उमेदवार शेजारीच उभी होती आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती त्यावरून प्रकृती ठणठणीत वाटत होती. मी फोन ठेवला आणि छातीवर हात मारून म्हणालो, "अगं, काळजी करू नकोस. मी आहे ना!"

तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली ती यानंतर.

शुक्रवारी मी रजा टाकली. स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन कॉइल मागितली. दुकानदाराने विचारलं, "किती देऊ? एक का चार?"

"एकच. पहिल्या सिलिंडरची."

"पहिल्याची वेगळी नसते साहेब. चारींना एकच चालते. बसवायची मात्र पहिल्यावर."

"ते माहीत आहे मला," मी जरा ताठ्यातच म्हणालो. घरी येऊन बॉनेट उघडलं, आणि मग तो पहिला धक्का बसला, जो मी सुरुवातीलाच सांगितला.

मेहुण्याला फोन लावला. "अरे, पहिला कुठला?"

"म्हणजे काय भावोजी! पहिला तो पहिला. त्याच्या शेजारी दुसरा."

"हो, पण कुठल्या टोकाकडून?"

मग तो म्हणाला, "ते गाडीगाडीवर असतं. पण एक लक्षात ठेवा, पेटण्याचा क्रम एक, दोन, तीन, चार असा नसतो. एक, तीन, चार, दोन असा असतो."

मी जवळच्या खांबाला धरलं. आयुष्याची इतकी वर्षं मी ही गाडी चालवली, मुलांना सहलीला नेलं, आईला दवाखान्यात नेलं, आणि त्या सगळ्या वेळी माझ्या पायांपुढे, एका पत्र्याच्या आड, एकानंतर तीन चाललं होतं! बँकेत मी अठ्ठावीस वर्षं टोकनने माणसं बोलावतो आहे. एकानंतर तीनला बोलावलं असतं तर दोननंबरवाल्याने माझी कॉलर धरली असती.

"आणि हो," मेहुणा म्हणाला, "चुकीच्या सिलिंडरला हात लावू नका. काय होईल सांगता येत नाही." आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

आता आमच्या सोसायटीत एखादा माणूस बॉनेट उघडून खांबाला धरून उभा असेल, तर तो फार वेळ एकटा राहत नाही. सर्वांत आधी दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य आले. त्यांचा दवाखाना तळमजल्यावरच आहे आणि त्या दिवशी पेशंट कमी होते. त्यांनी मागे हात बांधून वाकून इंजिनात पाहिलं, आणि सवयीने म्हणाले, "कधीपासून दुखतंय?"

मी अडचण सांगितली. त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, यात अडचण कसली? आम्ही रोज हेच करतो. दात मोजतो ना, ते पेशंटच्या उजव्या बाजूने. आपल्या नव्हे, पेशंटच्या. गाडीचं तोंड आपल्याकडे आहे. म्हणजे गाडीचा उजवा तो आपला डावा. तिथे तुमचा पहिला. तो तिकडचा, रबरी पट्ट्याजवळचा."

मी कॉइलचा बोल्ट सोडवायला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा!"

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे आजोबा होते. त्यांनी थांबा म्हटलं की माणसं थांबतात, कारण उभी हयात त्यांनी तेच केलं. "डॉक्टर, दाताचा इथे काय संबंध? हे इंजिन आहे. गाडीचे डबे मोजतात ते जिथून ओढ लागते तिकडून. या इंजिनाची ओढ कुठून बाहेर पडते? गिअरकडून. गिअर कुठे? उजवीकडे, गेटच्या बाजूला. तो तुमचा पहिला."

"आजोबा, डबे इंजिनाकडून मोजतात हे ठीक. पण इंजिनच कुणीकडून मोजायचं?" दंतवैद्य म्हणाले.

"तुम्ही कधी इंजिन चालवलंय?"

"तुम्ही तरी कुठे चालवलंय? तुम्ही शेवटच्या डब्यात असायचात!"

हे आजोबांना फार लागलं. मी मधे पडलो आणि दोघांनीही मला गप्प केलं. माझी गाडी, माझं इंजिन, माझी रजा, आणि बोलायची चोरी मला. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी आधी माझ्याकडे, मग पान्याकडे, मग जमिनीवर अंथरलेल्या जुन्या चादरीकडे पाहिलं.

"पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला मनाई आहे," ते म्हणाले. "हवा भरणं, पुसणं, आणि सुरू होत नसल्यास ढकलणं, एवढंच चालतं. बाकीला कमिटीची परवानगी लागते."

"मग द्या परवानगी."

"अशी कशी देणार? कशाची द्यायची ते ठरलं पाहिजे. इंजिनाच्या कुठल्या भागाला तुम्ही हात लावणार?"

"पहिल्या सिलिंडरला."

"पहिला कुठला?"

इथे दंतवैद्य आणि आजोबा दोघेही एकदम बोलू लागले. सेक्रेटरींनी हात वर केला. सेक्रेटरी हात वर करतात तेव्हा काहीतरी वाईट होणार हे मला अनुभवाने माहीत आहे. मागे त्यांनी असाच हात वर केला होता, तेव्हा जिन्यातल्या दिव्याचा रंग ठरवण्यासाठी आम्ही तीन रविवार जमलो होतो आणि त्या काळात सगळे अंधारात चढलो-उतरलो.

"मतभेद आहे," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले. "तातडीची सभा घ्यावी लागेल."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. अर्ध्या तासात पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. मी उघड्या बॉनेटशेजारी उभा होतो, एखाद्या नवरदेवाला वधूकडच्यांनी उभं करावं तसा. शुक्रवारची भर दुपार; तरी अकरा माणसं जमली. घरात कामं असलेली माणसं किती पटकन मोकळी होतात हे पाहून माझा जीव दडपला.

दंतवैद्यांनी आपलं म्हणणं मांडलं. आजोबांनी आपलं मांडलं. मग सेक्रेटरी उठले, आणि त्यांनी जे मांडलं त्याने माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"आपल्याकडे नंबर कसे दिले जातात? फ्लॅट नंबर एक कुठे आहे? गेटजवळ. पार्किंगची जागा नंबर एक? गेटजवळ. पाण्याची टाकी नंबर एक? गेटजवळ. सोसायटीच्या हद्दीतल्या प्रत्येक वस्तूचा क्रमांक गेटपासून सुरू होतो. वाहन सोसायटीच्या हद्दीत उभं आहे. तेव्हा गेटच्या बाजूचा सिलिंडर हाच पहिला."

"आणि गाडी उलटी उभी केली तर?" मी विचारलं. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"उलटी लावायला मनाई आहे. भिंत काळी होते."

सभेत काही माणसं अशीही होती की ज्यांना सिलिंडर कुठे आहेत हेच दिसत नव्हतं. त्यांनी खुर्चीतून न उठता हात वर केले. सात विरुद्ध चार मतांनी ठराव पास झाला : ‘सदर वाहनाच्या इंजिनातील गेटकडील सिलिंडर हा क्रमांक एक समजण्यात यावा व केवळ त्याच्याच दुरुस्तीस परवानगी देण्यात यावी.’ दंतवैद्यांनी आपला विरोध नोंदवून घ्यायला लावला. मी तटस्थ राहिलो. स्वतःच्या गाडीबाबत तटस्थ राहणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पण सात माणसं एकमुखाने म्हणताहेत म्हटल्यावर, खरं सांगतो, मलाही ते पटायला लागलं होतं.

मी गेटकडच्या कॉइलचा बोल्ट सोडवला. मागे अकरा माणसं श्वास रोखून उभी. बोल्ट सुटला, माझ्या बोटांतून निसटला आणि टिण टिण करत इंजिनाच्या पोटात गेला.

"गेला," आजोबा म्हणाले.

"हलू नका कुणी," दंतवैद्य म्हणाले. ते दवाखान्यात धावले आणि दात तपासायचा तो छोटा आरसा आणि एक लांब चिमटा घेऊन आले. डोक्याला दिवा बांधला. मला टॉर्च धरायला सांगून ते बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरले. आतून त्यांचा घुमणारा आवाज येत होता, "दिसला… आणखी थोडा आ करा… नाही, तुम्ही नाही." बोल्ट चिमट्यात आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या टाळ्यांना मान झुकवून दाद द्यायला दंतवैद्य वळले, आणि त्यांच्या दुसऱ्या हातातला आरसा आत पडला.

आता त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पावणेपाचला त्यांचा पेशंट होता आणि तो आरसा त्यांचा आवडता होता. चिमटा तिथपर्यंत पोचेना. दोऱ्याला लोहचुंबक बांधून सोडावं असं ठरलं. लोहचुंबक सोसायटीच्या सूचनाफलकावर होतं, पाणीकपातीची सूचना धरून. सेक्रेटरी म्हणाले ती सोसायटीची मालमत्ता आहे, लेखी मागणी करा. मी केली. तोपर्यंत पाणीकपातीची सूचना उडून गेली आणि संध्याकाळी अर्ध्या इमारतीने अंघोळीला ठेवलेलं पाणी वापरून टाकलं. आरसा शेवटी निघाला तो मी गाडीखाली आडवा होऊन हात वर घातल्यावर, आणि माझ्या डोळ्यावरच पडला. दंतवैद्यांनी तो उचलला, तडा गेला नाही ना ते पाहिलं, आणि मग माझा डोळा पाहिला.

नवी कॉइल बसली. बोल्ट आवळला. मी गाडी सुरू केली.

गाडी थरथरली. पूर्वी थरथरायची तशीच, तसूभर कमी नाही. मी यंत्र खोचलं. पडद्यावर अक्षरं आली : ‘सिलिंडर क्रमांक एक. ज्वलन चुकते.’

पार्किंगभर गाडीची प्रत्येक उचकी ऐकू येत होती. सात मतांनी पास झालेला ठराव या इंजिनाने सरळ धुडकावून लावला होता. सेक्रेटरी पांढरेफटक पडले.

"तुमच्या यंत्रात दोष असेल," ते म्हणाले.

"मग मी आता दुसऱ्या टोकाला बसवून बघतो."

"बघता येणार नाही. परवानगी फक्त गेटकडच्या सिलिंडरची आहे. आणि एकदा पास झालेला ठराव तीन महिने बदलता येत नाही."

मी त्यांना विनवलं, चिडलो, बायकोची परीक्षा सांगितली, बढती सांगितली. ते हळहळले सुद्धा. पण खुर्ची गाडीसमोर ओढून त्यांनी जी बैठक मारली, ती मोडेना. दंतवैद्य तेवढे मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी म्हणत होतो," आणि पेशंटकडे निघून गेले.

संध्याकाळी बायको शाळेतून आली. मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर तशीच, आणि पर्सची चेन उघडझाप करत राहिली. ते रागापेक्षा वाईट होतं.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "मला उद्या पास व्हायचं आहे. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय गं."

"मग आता गाडीला हात लावू नका. कुणाला लावू देऊ नका. निदान चालते तरी आहे."

मला फार वाईट वाटलं. मी तिला मदत करायला निघालो होतो आणि तिच्या परीक्षेत आणखी एक अवघड प्रश्न घालून बसलो होतो. रात्रभर मला एक, तीन, चार, दोन ऐकू येत राहिलं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. ती चालवत होती, मी शेजारी. गाडी प्रत्येक वळणावर गचके देत होती आणि मी प्रत्येक गचक्याला माफी मागत होतो. "गप्प बसा हो जरा," ती म्हणाली. "मला तिचं ऐकू येत नाहीये." ‘तिचं’ म्हणजे गाडीचं. ती चक्क इंजिन ऐकत होती, वर्गात मागच्या बाकावर कुणी कुजबुजत असलं की मान तिरकी करते तशी मान करून.

परीक्षक साहेब म्हणजे चेहऱ्यावरची माशीसुद्धा न हलणारा माणूस. ते गाडीत बसले, मला बाहेर काढलं. गाडी मैदानात फिरली, वळली, रांगेत शिरली. मग चढ आला. दुसऱ्या खेपेचा तोच चढ. मध्यावर थांबवून पुन्हा चालू करायची, मागे सरकू द्यायची नाही. मी कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरली. गाडी मध्यावर थांबली. थरथर दिसत होती, मागची नंबरप्लेट हलत होती. आता बंद पडणार. मी डोळे मिटले. गुरगुर वाढली, खाली बसली, पुन्हा वाढली, आणि मी डोळे उघडले तेव्हा गाडी चढाच्या माथ्यावर होती. मी जाळी सोडली तेव्हा तिचे चौकोन माझ्या तळव्यांवर उठले होते.

परीक्षक साहेब उतरले आणि बायकोला म्हणाले, "बाई, तुमची गाडी तीनच सिलिंडरवर चालते आहे, ठाऊक आहे?"

"हो. पण चौथा कुठला ते आमच्या सोसायटीत अजून ठरायचं आहे."

साहेबांच्या चेहऱ्यावरची माशी हलली असावी. "पंधरा वर्षं मी इथे धडधाकट गाड्या बंद पडताना पाहतोय," ते म्हणाले. "असली गाडी त्या चढावर कुणी चढवलेली पाहिली नव्हती. पास."

मी हादरलो, पण हे हादरणं वेगळं होतं. ही बाई माझ्या शेजारी बसून गाडी शिकली, मी तिला शंभरदा ओरडलो असेन, आणि आज जे तिने केलं ते मला जन्मात जमलं नसतं. हे मी तिला तिथेच सांगितलं. ती लाजली आणि म्हणाली, "आता ते बॉनेट उघडा. पावती मिळेपर्यंत वेळ आहे. हजेरी घेऊ."

"कसली हजेरी?"

"वर्गात गोंधळ असतो तेव्हा कोण बोलत नाहीये हे कसं शोधतात? एकेकाला गप्प करायचं. ज्याला गप्प करून आवाजात फरक पडत नाही, तो आधीपासूनच गप्प आहे. इंजिन चालू ठेवा आणि एकेकाची वायर काढून परत लावा."

मी इंजिन सुरू केलं. गेटकडची वायर काढली, इंजिन अडखळलं. शेजारची काढली, अडखळलं. तिसरी, तेच. चौथी, टोकाची, पट्ट्याजवळची काढली, आणि काहीही झालं नाही. नंबर कळायची गरजच नव्हती! एक नाही, तीन नाही, गेट नाही, दाढ नाही. मी ती मेलेली कॉइल काढली आणि काल गेटकडून काढलेली बिचारी निरपराध कॉइल डिकीतून आणून तिथे बसवली. बोल्ट पडू दिला नाही. इंजिन असं शांत झालं की सुरू आहे का ते पाहायला वाकावं लागलं. दंतवैद्यांचं बरोबर होतं आणि हे त्यांना कधीही कळू द्यायचं नाही, असा ठराव मी एकमताने पास केला.

मी बॉनेट लावलं, हात पुसले. अंगात एक वेगळाच रुबाब आला होता. तेवढ्यात खिडकीतून कारकुनाने बायकोचं नाव पुकारलं. तिच्या कागदांवर शिक्के बसले. ‘उमेदवार आजपासून वाहन चालवू शकतात,’ असा शिक्का असलेली पावती तिच्या हातात पडली. मग कारकून म्हणाला, "शिकाऊ असताना सोबत बसून इथे कोण घेऊन आलं? त्यांचा परवाना दाखवा. नोंदीसाठी."

"हा घ्या," मी म्हणालो, आणि पाकिटातून अशा झोकात काढला की तो काउंटरवर घसरत त्याच्यापुढे जाऊन थांबला.

त्याने तो पाहिला. उलटा करून पाहिला. शेजारच्याला दाखवला. शेजारचा परीक्षक साहेबांना बोलावून घेऊन आला.

"हा संपलाय," साहेब म्हणाले.

"काय संपलाय?"

"परवाना. गेल्या वर्षीच. नूतनीकरणाची मुदतसुद्धा गेली. आता नव्याने काढावा लागेल. शिकाऊ परवाना, मग परीक्षा." त्यांनी खिडकीतून मैदानाकडे बोट केलं. "तो चढ धरून."

वर्षभर मी या गाडीत बसून बँकेत जात होतो, सिग्नलला दुसऱ्यांना नियम शिकवत होतो, आणि रोज संध्याकाळी बायकोला ‘तुला जमणार नाही’ म्हणून ओरडत होतो! साहेब म्हणाले, "परत जाताना बाईंना चालवू द्या. तुम्ही स्टीअरिंगला हात लावलात तर मला दंड करावा लागेल."

आम्ही गाडीपाशी आलो. बायको मागे गेली आणि काचेवर चिकटवलेल्या शिकाऊच्या लाल पाटीचं टोक तिने नखाने उचललं. ती उचलता उचलता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि टोक पुन्हा काचेवर बोटाने नीट दाबून बसवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "बसा."

मी मुकाट्याने पलीकडच्या बाजूचं दार उघडून बसलो.